आपल्या माणसाला डोंगर लागत नाही

नाही हो पाहुणे, उठायचं नाही — पाणीच हवंय ना, मी देते की. आमच्या घरचा दंडकच आहे, खालून आलेला परका माणूस दोन दिवस आडवा पडणार. डोकं कसं, घण घातल्यासारखं? असणारच. इथली हवा पातळ — छाती भात्यासारखी हलते आणि हाती काही लागत नाही. गाडी लागते ना, तसा डोंगर लागतो. नखं बघू — गुलाबी आहेत. तुम्ही काही मरत नाही.

आत कोण खोकतंय? माझा नातू. तुमच्याच गाडीतून आला की परवा — मागच्या बाकावर गात बसलेला, तोच. सात वर्षं खाली बंदरावर होता. तिथली हवा गच्च, पोट भरून वाढल्यासारखी. तुम्हाला अंथरूण घातलं आणि त्याच्या पाठीवर टोपली दिली. का देऊ नये? बर्फाचे दिवस तोंडावर, छपरावर दगडी फरश्या चढवायच्या राहिलेल्या, आणि पोर इथलंच — ह्याच खोलीत जन्मलेलं. आपल्या माणसाला डोंगर लागत नाही, माझी सासूही हेच म्हणायची. दोन-तीन खेपा झाल्या आणि धापा टाकत खाली बसला, तर त्याचे काका काय हसले — म्हणे, शहराने तुझी म्हातारी केली की रे. मीही हसले. "आजी, छातीत पाणी भरल्यासारखं वाटतंय," म्हणाला. मी म्हटलं, "खालचं पाणी आहे ते, घामाने निघेल. ऊठ."

आता ओठ जांभळे पडलेत. खोकला की फेस येतो, गुलाबी. उपाय? उपाय एकच — खाली न्यायचं. इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. काका गेलेत वाट मोकळी आहे का बघायला, पण खिडकीतून तुम्हीच बघा की — घाटात पांढऱ्याशिवाय काही आहे का? न्यायचं कसं, पंख लावून?

आता त्यालाही निजवलंय, तुमच्यासारखंच — फक्त पाठीशी गाठोडी लावून, बसतं. घरघर ऐकू येते ना, हंड्यात पाणी उकळावं तशी? येऊ द्या. येतेय तोवर बरं. माझा एक कान तिकडेच आहे, तोंड आपलं चालवतेय —

थांबा. जरा बोलू नका.

थांबली ना?

झोप लागली असेल. दमला होता — अहो, तुम्ही कुठे निघालात? पडा म्हटलं ना. परक्या माणसाने उठायचं नाही.