नानांचा डबा आणि खताचा टेम्पो

त्या खताच्या टेम्पोचं ऐकलंत का? शहराच्या सांडपाणी प्रकल्पात मैल्यापासून खत करतात. तिथल्या मुख्य मॅडम स्वतः टेम्पोबरोबर आमच्या गावाला, कामथडीला आल्या होत्या. कॉलेज सोडून मी शेतीला लागलो, पण वाटणीत आलेलं रान पार निकस, म्हणून मीच त्यांना बोलावलं होतं.

टेम्पो बांधाला लागला आणि माझे चुलते, नाना, आडवे आले.

"शहराची घाण आमच्या रानात न्हाई पडायची! त्यात पिकल्यालं देवाला निवदाला दावायचं व्हय?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "नाना, तापवून, वाळवून, तपासून आणलंय हे."

"माणसाचं ते माणसाचंच. परत न्या!"

ड्रायव्हरनं टेम्पो वळवायला घेतला. माझं डोकंच फिरलं.

"नाना, घरात संडास बांधलाय. तरी रोज सकाळी डबा घेऊन कुठं जाता?"

नाना खाली बघत म्हणाले, "सवय हाय."

"माझ्याच रानात जाता की! तवा देव आठवत न्हाई? मॅडम, उतरवा खत. आणि नाना, तुमी उद्या येणार असाल, तर आधी मॅडमकडनं तपासून आणा."