पुसलं गेलेलं घर

कॉम्प्युटरवर मी पहिल्यांदा घर पाडलं ना, तेव्हा घरमालक माझ्या मागेच उभे होते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नागपुरात आमच्या सरांच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढायचा कॉम्प्युटर नुकताच आला होता आणि मी पंधरा दिवसांपासून तो शिकत होतो. सर साइटवर गेले होते. तेवढ्यात कामठीचे एक गृहस्थ बायकोला घेऊन आपल्या घराचा नकाशा बघायला आले.

"ही भिंत जराशी सरकवून दाखव गा," ते म्हणाले.

मी भिंत निवडली, बटण दाबलं आणि पडद्यावरचं अख्खं घर गेलं.

"तीन महिने बसून ठरवलं होतं मी!" ते ओरडले. "येत नव्हतं तर काहून हात लावला?"

नोकरी गेलीच, असं वाटलं. तेवढ्यात त्यांच्या बाई खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या.

"घाबरू नको. पहिले सैपाकघर काढ. अंगणाकडून मोठी खिडकी दे."

त्या सांगत गेल्या, मी रेघा ओढत गेलो. मागे नवरा धुमसत होता.

तासाभरानं सर आले. सगळं ऐकून हसले. "अरे, पुसलेलं परत आणता येतं! दोन मिनिटांत जुनं घर देतो."

त्यांनी हात पुढे केला, तशी बाईंनी कीबोर्डवर आपला हात ठेवला.

"राहू द्या जी. ते घर ठरवताना मले कोणी विचारलं नव्हतं."

गृहस्थांनी एकदा बायकोकडे आणि एकदा पडद्यावरच्या नव्या घराकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "छाप गा मग हाच नकाशा."