पुस्तकाच्या सांगण्यावरून पालथा

माझ्या दिराला मुलांबद्दल सगळं माहीत होतं, कारण त्याचं लग्न व्हायचं होतं. माझा मुलगा दोन महिन्यांचा असताना, ब्याऐंशी-त्र्याऐंशी साल असेल, तो मुंबईहून आमच्या मालवणच्या घरी आला. सोबत बाळासाठी फोमची मऊ गादी आणि एक इंग्रजी पुस्तक. म्हणाला, "वहिनी, बाळाला पालथं झोपवायचं. परदेशात सगळे तसंच झोपवतात."

सासूबाई म्हणाल्या, "उताणो निजव गो तेका. छाती हलता ती माका दिसाक होयी."

"आई, हे शास्त्र आहे."

शास्त्रापुढे आम्ही दोघी काय बोलणार? बाळाला त्या गादीवर पालथं घातलं आणि मी मासे साफ करायला बसले.

थोड्या वेळाने बघायला गेले, तर बाळाचं नाक-तोंड फोममध्ये रुतलेलं. उचललं तेव्हा ओठ निळसर झाले होते. मी जोरात पाठ चोळली आणि एकदाचा तो रडला. दीर पुस्तक घेऊन दारातच उभा. मुंबईची मराठी कुठल्या कुठे गेली होती. "वहिनी, श्वास घेता मां गो?"

सासूबाईंनी जमिनीवर चटई आणि वर घडी घातलेलं लुगडं अंथरलं, आणि बाळाला उताणं ठेवलं.

दीर आणखी चार दिवस राहिला. तासातासाला येऊन बाळाच्या छातीकडे टक लावून बसायचा. मी विचारलं, "हे कितव्या पानावर आहे, भाऊजी?"

"गप रव गो वहिनी," तो म्हणाला, "मोजतंय मां."