निळ्या ड्रमातली गांडुळं

सावेडीतला दवाखाना, वॉर्डाबाहेरचा बाक. माझ्या शेजारी कर्जतची एक म्हातारी आणि एक शहरातली मुलगी.

"मावशी, नवऱ्याला घरी सोडणार म्हणून रडणाऱ्या तुम्हीच पहिल्या!"

"ह्यांची गांडुळं मेली गं पोरी. समदी."

"गांडुळं?"

"खरकट्याचं खत करत्यात ती. लाकडी खोक्यात लेकरावानी जपली हुती. खोकं कुजलं, म्हून मी निळ्या ड्रमात हलवली."

"मग?"

"ड्रम तणनाशकाचा. राखेनं घासला हुता गं मी! सकाळी बगते तर काठावर चढून वाळलेली."

"काकांना सांगितलंत?"

"रोज इचारत्यात. मी म्हनते, लई वाढलीत."

"आणि आज?"

"आज म्हनले, घरी गेल्यावर आदी गांडुळं दाव, मग च्या ठेव."