कडू लागलं का?

(अर्जुनी मोरगावजवळची एक राईस मिल. बाजूच्या खोलीत चेतना कामगारांचे मास्क चेहऱ्याला नीट बसतात का ते तपासते आहे. समोर खुर्चीत तिचा मामा चैतराम, डोक्यावर पारदर्शक टोप. टेकचंद दाराबाहेर, पुढच्या नंबरावर.)

चेतना: हलू नका मामा. टोपात फवारा मारला आहे. कडू लागलं का?

चैतराम: नाही.

चेतना: परत मारते. आता?

चैतराम: नाही म्हनलो न! काहीच नाही. झालो का पास?

चेतना: मामा, मास्क अजून लावलाच नाही तुम्ही.

चैतराम: आं?

चेतना: हा बघा, माझ्या हातात आहे. आधी बिनमास्कचं मारायचं, माणसाला कडू कळतं की नाही ते पाहायला. मग मास्क लावून. तेव्हा कडू लागलं तर समजायचं, कुठंतरी फट आहे, कोंड्याची धूळ आत जाते.

चैतराम: मंग पयले सांगाचं ना! हा टेकचंद म्हने, पोरगी काहीबी विचारू दे, नाही म्हनाचं.

टेकचंद: अरे भाऊ, मेरा नाम कायको? मी तर दोस्ती में सांगितलं. जल्दी करा जी मॅडम, पॉलिशर बंद पडून आहे.

चेतना: थांबा हो जरा. मामा, हे औषध मघाशी माझ्या बोटाला लागलं, तर चहासुद्धा प्यायला गेला नाही. तुम्हाला काहीच नाही?

चैतराम: लागलं असन थोडंसं.

चेतना: असन म्हणजे?

चैतराम: सर्दी हाय मले.

टेकचंद: सर्दी-वर्दी कुछ नहीं! दिनभर गालात खर्रा असते, उसको कडवा क्या लगेगा? जीभच मरून गेली भाऊची.

चैतराम: टेकचंद! तोंड बंद कर तुहं!

टेकचंद: खोटं बोललो का? सुपारी-तंबाखू इथं कोन नाही खात?

चेतना: टेकचंदभाऊ, तुम्ही पॉलिशरकडे जा. बोलावते मी. दार ओढून घ्या.

चैतराम: गेला का तो?

चेतना: गेला. टोप काढते.

चैतराम: नको. राहू दे. टोपातच बरा हाय मी.

चेतना: तुम्ही खर्रा खाता? तुम्ही? स्वतःच्या पोराला, शुभमदादाला, पानठेल्यावर चार लोकांत कानाखाली वाजवली होती. "खर्रा खाणाऱ्यानं माझ्या ओसरीवर चढू नये" म्हणाला होतात.

चैतराम: म्हनलो होतो. तेवाबी माह्या खिशात पुडी होती, बाई.

चेतना: काय सांगता!

चैतराम: अशी पाहू नको माह्याकडे. लाज वाटून राहिली.

चेतना: ते नंतर. टोप काढा, मास्क लावा आधी. पट्टा ओढा. मान डावीकडे. उजवीकडे. आता तोंड मोठं उघडा, मशीनजवळ हाक मारता तसं.

चैतराम: उघडलं.

चेतना: मोठं, मामा.

चैतराम: एवढंच उघडते.

चेतना: काढा तो मास्क. काढा म्हणते ना! बोटं घाला तोंडात, एकावर एक. तीन.

चैतराम: तीन नाही जात. एक जाते.

चेतना: अवो मामा! कधीपासून?

चैतराम: पयले तिखटानं आग होये. मंग जबडा धरला. आता भाताचा घास नाही जात. पेज पितो. तुही मामी विचारते, तिले सांगतो का दाढ दुखते.

चेतना: थांबा. माझ्या लग्नात...

चैतराम: हो. तेच.

चेतना: मला मंडपात तुम्ही आणलंत, अन् पंगत बसली तर उठून गेलात! आईनं तुमच्यासाठी वाढलेलं पान तसंच राहिलं. सासरची माणसं बघत होती. आई अजून म्हणते, सख्ख्या भावानं माझ्या दारचं अन्न टाकलं. राखी नाही बांधली तिनं तुम्हाला. काऊन नाही सांगितलं, मामा?

चैतराम: काय सांगू? जावयाच्या बाजूले बसून बोटानं वरन चाटू? लोक म्हनले, मामा रागावला. म्हनू देलं. रागाची लाज नाही वाटत मानसाले.

चेतना: अन् आई रडत राहिली.

चैतराम: मालूम हाय. तुह्या मायच्या, गंगीच्या घरापुढून जात नाही मी. तलावाच्या पाळीवरून जातो, तेवढं लांबून.

चेतना: मी पास नाही करणार तुम्हाला. गाल आत गेलेत, मास्क बाजूनं उघडा राहतो. उगाच का खोकता रात्रभर? कोंड्याकडे जायचं नाही आता. अन् उद्या सकाळच्या गाडीनं माझ्यासोबत गोंदियाला, डॉक्टरला तोंड दाखवायला.

चैतराम: टेकचंदले काय सांगशीन?

चेतना: मास्क बसला नाही म्हणून. खरंच आहे ते.

चैतराम: अन् तुह्या मायले?

चेतना: ते मी नाही सांगणार. तुमची बहीण आहे, तुम्ही सांगा. आज संध्याकाळी घरी या जेवायला.

चैतराम: जेवाले? मले?

चेतना: हो, तुम्हालाच. मी आईला फोन लावते आहे. काय सांगू?

चैतराम: नको लावू... बरं, लाव. येते म्हन मामा. अन् चेतना, तिले म्हन, भात जरा गिल्ला कर, पेजेसारखा.