पुढचा बाक

थोरली : सशाची गोष्ट? पप्पांच्या अंत्यविधीला तू सशाची गोष्ट वाचणार?

धाकटी : ताई, हळू. पलीकडच्या खोलीत झोपलेत ते, जाग येईल.

थोरली : आणि हे मला कळतं कुणाकडून, तर नव्या पाळकांकडून! ज्या माणसानं उभा जन्म याच चर्चमध्ये उपदेश केला, त्याच्या शवपेटीशेजारी ससा? मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते, निदान विचारायचं तरी!

धाकटी : मी मागून घेतलं नाही. पप्पांनीच आत्तापासून सांगून ठेवलंय.

थोरली : तेच तर झोंबतंय. डोळे गेल्यापासून रोज संध्याकाळी त्यांना कोण वाचून दाखवतं? मी. पवित्र शास्त्र, संतांची चरित्रं, ते जाडजूड ठोकळे. घसा बसतो माझा. तू रविवारी उगवतेस, लहानपणीचं ते फाटकं पुस्तक उघडतेस, बोगद्यात वाट चुकलेल्या सशाचं, आणि पप्पांची कळी खुलते. माझ्यासमोर कधी हसलेत?

धाकटी : माझ्यासमोर हसतात आणि दोन पानांत घोरायला लागतात. तुझ्याशी कडाकडा भांडतात. मी दाराआडून ऐकलंय. ‘देव चांगला, तर तुमच्या आईला एवढ्या यातना का?’ हे मला नाही कधी विचारलं. मला म्हणतात, ‘आई प्रभूजवळ सुखात आहे हं, बाळ.’ केस पिकले माझे, ताई. अजून बाळच.

थोरली : त्याचा तुला हेवा वाटतो?

धाकटी : जळते मी.

थोरली : मग तरी वाचायला तुलाच का सांगितलं?

(पलीकडून काठी आपटल्याचा आवाज.)

पप्पा : इकडे या दोघी. भिंत पातळ आहे, आणि थोरलीचा आवाज वर्गातला.

थोरली : ऐकलंत ना? मग सांगा. मी कुठे कमी पडले असते?

पप्पा : तू? छे! आईच्या वेळी तू उभी राहिलीस. श्रद्धा आणि दुःख यांवर इतकं नेमकं बोललीस, की मलाही तसं जमलं नसतं. मी तेव्हा डोळ्यांनी बघत होतो. सगळं चर्च रडत होतं, तू सोडून. नंतर तरी रडलीस का कधी?

थोरली : ...वेळच नाही झाला.

पप्पा : म्हणून या खेपेला बोलायचं नाही. पुढच्या बाकावर नुसतं बसायचं.

थोरली : आणि हिला वाचताना रडू फुटलं तर?

धाकटी : रडत रडतच वाचीन. शाळेत मुलांपुढे कितीदा वाचलंय तसं. चालतं त्यांना.

थोरली : पण पप्पा, त्या बाकावर माझ्या शेजारी कोण असेल? आई नाही, तुम्ही नाही. ही तर वर उभी.

धाकटी : गोष्ट छोटी आहे, ताई. मी लगेच खाली येते.