पेटी आडवी धरायची नाही

नाही म्हणजे नाही. आत्ता उचलायची नाही पेटी. अजून निम्म्या माश्या बाहेर आहेत, आणि तुम्ही टेम्पोचं दार उघडून उभे — त्या परत येतील तेव्हा जाणार कुठे? तुमच्या मागे धावत? दिवेलागण झाली की सगळ्या आत येतात, मग त्यांच्या येण्याजाण्याच्या नळीच्या तोंडावर मलमल बांधायची, मग न्यायची. माझ्या लेकीनं पाठवलंय ना तुम्हाला? मग तिच्या आईचं ऐका. बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय हलतो — इथे, पायरीवर. अहो दादा, अंग काय चोरताय, यांना नांगीच नाही. फार तर केसांत शिरतील, भुवईला डिंक लावतील. मागे एक कॉलेजातले मास्तर आले होते वही घेऊन, म्हणाले, आजी, या डंखरहित माश्या. म्हटलं, असतील, पण तुमच्या दाढीत तीन शिरल्यात, त्या आधी काढा.

माझी शाळा चौथीपर्यंत. हे मला कुणी शिकवलेलं नाही. मागच्या डोंगरावर झाडं तोडत होते, तेव्हा एक ओंडका पडला नि उकलला — आत मेण नि राळ मळून बांधलेलं घर, द्राक्षाएवढ्या मधाच्या कुप्या. लाकूडतोडे काडी लावणार होते. मी तो डोक्यावर घेतला नि घरी आणला. लोक म्हणाले, बाईचं डोकं फिरलं. फिरलं तर फिरलं. खोकी ठोकली, चुकली, मोडली, पुन्हा ठोकली. डोंगरावर ती उंच झाडं दिसतायत? त्यांची फुलं मोहरीएवढी, मोठ्या माशीचं तोंडही जात नाही त्यात. माश्या गेल्या तर झाडं नुसती फुलतात नि गळतात. या सात पेट्या आहेत म्हणून खालच्या अंगाला रोपं तरी उगवतायत. त्याचं श्रेय मला कुणी दिलेलं नाही, मी मागायलाही गेलेली नाही.

लेकीकडेही तेच झालं ना? पॉलीहाऊसात काकडी लावली, फळ धरत नाही. मोठ्या माश्या छताला धडका घेऊन मरतात. मग आठवली आई. आई कसली — पेटी आठवली. फोनवर म्हणते, एक पेटी देशील का? देशील का! शेजारणीकडे शिडी मागावी तसं. तुम्हाला आणखी काही म्हणाली निघताना? म्हणजे, आईलाही घेऊन या, असं काही? … नाही. मी आपलं विचारलं. कुठली पिशवी? ती दारामागची? जुने कपडे आहेत, कुणाला तरी द्यायचे. — हो, माझ्या गोळ्याही आहेत त्यात. फार चौकस बुवा तुम्ही.

आता नीट ऐका. पेटी आडवी धरायची नाही, कलतीही नाही. या माश्या एकेका मेणाच्या कुपीत पातळ खाऊ भरतात, राणी त्यावर अंडं उभं ठेवते — तरंगतं ते — आणि वरून झाकण. पुन्हा कुणी उघडून बघत नाही. पेटी कलंडली की अंडं त्याच्याचसाठी ठेवलेल्या खाऊत बुडून मरतं. आहे की नाही? लेक सोळा वर्षांची होती. वादळ आलं, मी घरी नव्हते, हिनं भिजत जाऊन पेटी आत आणली नि पलंगाखाली बसेना म्हणून आडवी सारली. भलं करायला गेली होती हो. आठवड्याभरात आंबूस वास सुटला, माश्या मेलेली पिल्लं ओढून बाहेर टाकायला लागल्या. आणि मी — काय म्हटलं ते राहू दे. म्हटलं, तुझ्या हाताखाली काही जगायचं नाही. रागात बोलतं माणूस. वर्षभरात ती शिकायला गेली नि तिकडचीच झाली. त्या वादळाला एकोणीस वर्षं झाली. फोन येतो. गुडघे विचारते, डोळे विचारते. माश्यांचं कधी विचारलं नाही — परवापर्यंत.

हा घ्या वाडगा. पाण्यानं काठोकाठ भरलाय. फाटकापर्यंत न्या नि परत आणा. थट्टा नाही करत. सांडला तर पेटी तुमच्या हाती देणार नाही, मग मलाच मांडीवर घेऊन बसावं लागेल तुमच्या शेजारी, करता काय. जा. अहो, इतकं हळू कशाला, भरभर चाला की — रस्त्याला खड्डे असतात, ते काय तुम्हाला विचारून येतात? … आलात? बघू. थेंबही नाही. बूडसुद्धा कोरडं. आधी काय वाहत होता तुम्ही? काचा? बारा वर्षं? असं का. असं का. बरं. मग प्रश्नच मिटला.

आल्या सगळ्या. बघा, राखणदारीण माशी तेवढी तोंडाशी बसलीय. बांधते. आणि पोचल्यावर पेटी लेकीच्याच हातात द्या, माळ्याच्या नको — काय? हात लावणार नाही? कोण म्हणालं? … तीच. काय म्हणाली, नीट सांगा. "आमच्या हाताला नाही लाभत ते." असं. हसत म्हणाली? … हसत.

थांबा. उचलू नका अजून. त्या वादळाच्या आदल्या दिवशी तीच पेटी मी कलती केली होती. मध ओघळावा म्हणून. तासभर विटेवर टेकवून ठेवली होती. तिनं आडवी सारली तेव्हा आत वाचायला काही उरलंच नव्हतं. हे मलाही ठाऊक नव्हतं, देवाशपथ. दोन वर्षांनी दुसरी पेटी तशीच टेकवली, घरात मी एकटी, वादळ नाही की पाऊस नाही — तोच वास, तीच पिल्लं दाराशी. सतरा वर्षं झाली कळून. फोनवर अगदी तोंडाशी येतं, नि मी विचारते, जेवलीस का.

हे तिला सांगा. असंच. म्हणावं, आई म्हणाली, पिल्लं आधी मी बुडवली. ते सांगा, मग पेटी द्या. तिच्या हातात. नाही म्हणाली तर पुन्हा सांगा. — काय? मीही चला? तुम्ही कोण बोलावणारे? तिनं जेवढं मागितलंय तेवढं न्या. तिनं आधी ऐकावं. ऐकून मग आणखी काही मागते का बघू. उचला. दोन्ही हातांनी. निघा आता, नि फाटक ओढून घ्या.